तोंड जामीन

होदैदा
१९ फेब्रुवारी १९८७

मुसइद,

तुला आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना सलाम. सलाम इथेच आटोपतो, कारण पुढचा मजकूर त्याच्या पंक्तीला बसण्यासारखा नाही.

लुत्फिया, हे पत्र तूच वाचून दाखवणार. तुझ्या नवऱ्याला होदैदा ते सना रस्त्यावरचं प्रत्येक वळण पाठ आहे, पण समोर अलिफचं अक्षर उभं राहिलं तर त्याला ते विजेचा खांब वाटतं. तेव्हा भाऊ म्हणून सांगतो, एक शब्द गाळू नकोस आणि एक शब्द मवाळ करू नकोस.

मुसइद, गेल्या रविवारी तू तुझ्या पुजो टॅक्सीत नऊ माणसं कोंबून खाली आलास आणि गाडी माझ्या गॅरेजच्या दारात टाकून मासे खायला गेलास. गाडी उन्हात होती म्हणून मी ती शेडखाली घेतली. अवघी पन्नास पावलं. ब्रेक मारला तर पेडल पायाखाली थरथरायला लागलं, हिवताप भरल्यासारखं. मग पुढचं चाक उतरवून पाहिलं. ब्रेकच्या डिस्कवर निळे डाग, तापून तापून पडलेले. मधोमध रेघोट्या. आणि कडेला असा कंगोरा उभा राहिलेला की बोट अडावं. मी चोवीस वर्षं हे काम करतोय. इतकी खंगलेली डिस्क मी फक्त भंगारवाल्याकडे पाहिली होती, आणि त्यानंही ती लोकांना दाखवायला वेगळी ठेवली होती.

तू परत आलास तेव्हा मी चांगल्या शब्दांत सांगितलं की डिस्क बदलायला झाल्यात. तू दात कोरत म्हणालास की वर आपला माणूस आहे, तो बघतो. आणि गेलास.

सोळा एप्रिलला नूरियाचं लग्न आहे. बाप मुलीला स्वतःच्या गाडीतून सासरी पोचवणार. म्हणजे माझी भाची, माझी बहीण आणि मागे चार बायका त्या डिस्कच्या भरवशावर मनाख्याहून समुद्रापर्यंत उतरणार. दोन हजार मीटरचा उतार आहे तो, तुला सांगायला नको. मी नव्या डिस्कची जोडी फळीवर काढून ठेवली आहे. जोडी म्हणतोय, कारण तू एकच मागशील हे मला ठाऊक आहे. एका चाकाला नवी आणि एका चाकाला जुनी लावली की गाडी एका अंगाला ओढते, आणि त्या अंगाला दरी असते. ये आणि लावून जा.

हिजाम


मनाखा
२८ फेब्रुवारी १९८७

हिजामभाऊ,

सलाम. नूरियाचे बाबा सांगताहेत आणि मी लिहितेय. तुझं पत्र शब्द न गाळता वाचलं. आता त्यांचीही तीच अट आहे. कंसात असेल तेवढं माझं.

हिजाम, तू सपाट वाळूवर राहणारा माणूस. तुमच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे मासळीबाजाराचा ओटा. त्यावरून उतरताना तुला चक्कर येत असणार, म्हणून तुला जगाच्या ब्रेकची चिंता. मी एकोणीस वर्षं हा घाट उतरतोय. (सतरा. पहिली दोन वर्षं ते टपावर सामान बांधायचे.) आजवर माझ्या गाडीतल्या कोंबडीलासुद्धा खरचटलेलं नाही.

माझ्या डिस्क गाडीबरोबर फ्रान्सहून आल्यात. अस्सल लोखंड. तुझ्या फळीवरच्या कुणी ओतल्या आणि कशातून ओतल्या हे तुझ्या बापालाही माहीत नसेल. (बाप माझाही होता, हे मी लिहिण्याआधी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तरी लिही.) अस्सल वस्तू झिजली म्हणून नकली होत नाही.

आणि आमचा माणूस कोण ते आता ऐक. घाटातल्या मग्रब्याच्या टॅक्सी स्टँडमागे उस्ता जुबरान मिस्त्रीचा लेथ आहे. त्यानं माझ्या डिस्क तीन वेळा लेथवर घासून सपाट करून दिल्यात. तिसऱ्या वेळी मी विचारलं की अजून किती चालतील. तेव्हा त्यानं अकरा ड्रायव्हरांसमोर दाढीवर हात ठेवून सांगितलं, 'वर्षभर. माझं तोंड जामीन.'

तुमच्या किनाऱ्यावर तोंड फक्त मासे खायला असतं. आमच्या डोंगरात माणसानं तोंड जामीन ठेवलं की विषय मिटतो. त्याच्यावर टोळ्यांची भांडणं मिटतात, खून मिटतात. त्यानंतर कुणी तपासायला गेला, तर तो वस्तू तपासत नाही, त्या माणसाच्या तोंडाला काळं फासतो. जुबरान आणि मी एका ताटात जेवून मोठे झालो. मी त्याच्याशी असलं वागणार नाही. तुझ्या डिस्क तुझ्याजवळ ठेव, त्यावर भाकऱ्या भाज.

(भाऊ, पेडल थरथरतं हे खरं आहे. मी शेजारी बसते तेव्हा माझ्याही तळपायांना कळतं. बोलले की म्हणतात, रस्ता खडबडीत आहे. ब्रेकवरचा पाय काढला की तोच रस्ता गुळगुळीत होतो.)

मुसइद
(आणि लुत्फिया)


होदैदा
७ मार्च १९८७

मुसइद,

तर जुबराननं तोंड जामीन ठेवलं. छान. खून मिटत असतील तोंडावर, मी नाही म्हणत नाही. खुनात दोन्ही बाजूंना माणसं असतात आणि माणसाला लाज असते. लोखंडाला लाज नसते. घाटात बाराव्या वळणावर तुझ्या डिस्कला कुणी जाऊन सांगणार आहे का, की बाई, धीर धर, जुबरानच्या तोंडाचा प्रश्न आहे?

लेथवर घासणं म्हणजे काय ते समजून घे. डिस्क सपाट होते, कारण तिचा वाईट भाग खरवडून टाकला जातो. बरोबर चांगलाही जातो. एकदा घासली तर ठीक. दुसऱ्यांदा विचार करून. तीनदा घासली म्हणजे तुझ्या उस्तानं अस्सल लोखंडाचा भुसा करून झाडून टाकला आणि तुझ्या गाडीला पापड लावून दिला. पातळ तवा लवकर तापतो, हे घरातल्या कुठल्याही बाईला विचार. डिस्क तापली की ब्रेकचं तेल उकळतं. तेल उकळलं की पेडल जमिनीला टेकतं. त्या वेळी तू स्टिअरिंगशी झटत असशील आणि जुबरान गालात कात नावाच्या नशेच्या पाल्याचा गोळा धरून मग्रब्यात बसलेला असेल.

तुमच्या स्टँडवरच्या काइद ड्रायव्हरबरोबर माझा जाडी मोजायचा व्हर्नियर पाठवतोय. नवी डिस्क पावणेतेरा मिलिमीटर जाड असते. सव्वाअकराच्या खाली गेली की टाकून द्यायची, मग ती फ्रान्सची असो की बिल्किस राणीच्या दागिन्यातली. एक लक्षात ठेव. व्हर्नियर सरळ कडेला लावू नकोस, तिथे कंगोरा आहे, ब्रेक पॅड तिथे पोचतच नाही. दोन सारखी नाणी घे. एक आतून, एक बाहेरून, मधल्या झिजलेल्या भागावर धर, त्यावरून माप घे आणि नाण्यांची जाडी वजा कर. शेंबड्या पोरालाही जमेल. तुला जमेल की नाही याची मात्र खात्री नाही.

हिजाम


मनाखा
१६ मार्च १९८७

हिजामभाऊ,

सलाम. आज कंसांसाठी जागा कमी आहे, कारण नूरियाचे बाबा फार मोठ्यानं सांगताहेत.

हिजाम, मोजलं. फाटक लावून, चाक काढून मोजलं, कारण स्टँडवर कुणाला कळलं असतं तर मला जुबरानसमोर मान वर करता आली नसती. तुझ्या त्या चकाकत्या खेळण्यानं मोजलं. बारा. बरोबर बारा मिलिमीटर. लुत्फियानं आकडा वाचला, तुझ्याच बहिणीनं. आता बोल.

नाणी बिणी लावली नाहीत. डिस्क मोजायला मी काय सोनार आहे?

तू एका मानी माणसाच्या तोंडावर शंका घेतलीस आणि मलाही त्या पापात ओढलंस. रिवाज काय सांगतो ते तुला माहीत आहे. एक मेंढा घेऊन वर ये, जुबरानच्या दारात काप, आणि चूक झाली असं चार माणसांसमोर म्हण. मी तुझ्या बाजूनं बोलेन, कारण शेवटी नातं आहे. मेंढा बघून आण. गेल्या ईदला तू पाठवलेला मेंढा म्हातारपणानंच मरणार होता, आम्ही फक्त घाई केली.

(बारा आकडा मी वाचला हे खरं. पण तो कुठे लावून वाचला हेही मी पाहिलं. व्हर्नियर परत पाठवत नाही. तो पिठाच्या डब्यात आहे.)

मुसइद


होदैदा
१८ मार्च १९८७

मुसइद,

तू कंगोरा मोजलास. टोपी मोजून माणसाची उंची सांगतोस. जुबराननं मधला भाग घासला आणि कड मुद्दाम सोडली, वरून बघणाऱ्याला जाड वाटावी म्हणून, आणि बघणारा तू निघालास. पालथ्या घड्यावर पाणी ओतून माझा हात दुखायला लागलाय.

मेंढा येणार नाही.

हिजाम


मनाखा
२१ मार्च १९८७

भाऊ,

हे पत्र एकटीचं आहे. कुणी सांगत नाही आणि कुणाला वाचून दाखवायचं नाही.

काल शुक्रवार. नूरियाचे बाबा दुपारच्या नमाजाला गेले. मी फाटक लावलं, जॅक लावला आणि चाक काढलं. आपला बाप मला लहानपणी गाडीखाली पाने द्यायला बसवायचा, ते हात विसरलेले नाहीत. नूरियानं नाणी धरली. डावी डिस्क साडेनऊ भरली. मी तीनदा मोजली. उजवी दहा. डाव्या डिस्कला आतल्या अंगाला एक चीर आहे, बोटाच्या पेराएवढी. नख फिरवलं की अडकतं. नूरियानंही नख फिरवून पाहिलं आणि हात मागे घेतला.

जेवताना त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, 'मुसइदच्या बायकोनं जुबरानचं तोंड मोजलं, हे उद्या स्टँडवर कळलं तर मी बसायचं कुठे?' भाऊ, हा माणूस मूर्ख नाही. घाटात ढग उतरले की तो शिट्टी वाजवणं बंद करतो आणि पाच माणसांचं चाललेलं बोलणं नजरेनं थांबवतो. पण त्याला दरीची भीती वाटत नाही तेवढी त्या अकरा जणांची वाटते. आज सकाळी ते स्टँडवर जाऊन आले. काय विचारलं आणि कसं विचारलं ते सांगत नाहीत. जुबराननं हसत हसत पुन्हा तोंड जामीन ठेवलं म्हणे. एकदा ठेवलेलं तोंड दुसऱ्यांदा गहाण पडतं हे मी आजच ऐकलं. ते मात्र खुशीत परत आले आणि मला म्हणाले, झालं समाधान?

नूरियानं मला विचारलं, आई, मी बाबांना नाही म्हणू शकते का. मग स्वतःच म्हणाली, नको. नवरी बापाच्या गाडीत बसली नाही तर लोक बापाला काय म्हणतील ते तिला कळतं. ती बसेल. हसून बसेल आणि ढोल वाजत असताना खाली जाईल. भाऊ, मला फार भीती वाटते. इतकी की पीठ मळताना हात थांबतात.

म्हणून सोमवारी मी रुसून माहेरी येतेय. एकवीस वर्षांत कधी आले नाही, तेव्हा रुसवे खूप साठलेत, एकदमच आणते. नूरियाला आणता येत नाही, लग्न ठरलेली मुलगी बापाच्या घरातून निघते ती थेट सासरी. पण आई घरात नाही म्हटल्यावर लग्न पुढे जात नाही. त्यांना मला न्यायला यावंच लागेल, आणि दंड तू ठरवशील. काय ठरवायचा ते तुला सांगायला नको.

मी बसनं येणार. मग्रब्याच्या स्टँडवर चढणार, त्यांच्या पुजोसमोरून चालत जाऊन, सगळे बसलेले असताना.

लुत्फिया


मग्रबा
२९ मार्च १९८७

हिजाम,

सलाम. हे पत्र उस्ता जुबरान लिहितोय, कारण माझी लेखणी तू पळवून नेलीस.

तुझ्या बहिणीनं काय केलं ते तिनं तुला अभिमानानं सांगितलंच असेल. ड्रायव्हरची बायको, हातात बोचकं, नवऱ्याच्या गाडीसमोरून चालत गेली आणि बसमध्ये चढली. तिकीट काढलं. अकरा जण बघत होते. एकानं मला विचारलं की भाडं वाढवलंस का. सहा दिवस झाले, तो विनोद अजून संपलेला नाही. सना ते होदैदा प्रत्येक चहावाल्याकडे तो माझ्याआधी पोचतो.

मला कळतंय तुमचं काय चाललंय. मी मेंढा घेऊन नाक घासत येईन, तू दंड म्हणून तुझ्या त्या पत्र्याच्या डिस्क माझ्या गळ्यात बांधशील, आणि जुबरान खोटा ठरेल. तर ऐक. मुलीची आई रुसली म्हणून मुलीचं लग्न थांबत नाही. माझी आई आहे, बहिणी आहेत. सोळा तारखेला गुरुवारी सकाळी मी नूरियाला घेऊन निघेन. याच गाडीतून, याच डिस्कवर. दुपारी तुझ्या गॅरेजवरून हॉर्न वाजवत जाईन. तुझ्या बहिणीला बाहेर येऊन बघायचं असेल तर बघू दे.

(हे लिहिणाऱ्या जुबरानचाही सलाम. हिजामसाहेब, आमच्या इलाख्यात बायका व्हर्नियर हातात घेत नाहीत आणि पुरुष बायकांची मापं ऐकत नाहीत. तुमच्याकडची रीत वेगळी असेल. डिस्कबद्दल तिसऱ्यांदा लिहून देतो, माझं तोंड जामीन.)

मुसइद


होदैदा
५ एप्रिल १९८७

नूरियाच्या बाबांना सलाम.

हे पत्र काइद तुम्हाला स्टँडवर देईल, दुपारी, सगळे पाला चघळायला बसलेले असताना. मी तसं त्याला सांगितलं आहे. वाचणार उस्ता जुबरान, म्हणून त्यांनाही सलाम. उस्ता, मोठ्यानं वाचा. आमच्या घरी पत्र वाचताना शब्द गाळत नाहीत.

आधी माझी चूक सांगते. मला वाटलं होतं की मी घराबाहेर पडले की लग्न थांबेल. तुम्ही आईवाचून मुलगी उजवायला निघाल असं वाटलं नव्हतं. मी तिला तिथे एकटं सोडून आले आणि आता इथे बसून दिवस मोजतेय. ते माझं चुकलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता मापं. डावी साडेनऊ. उजवी दहा. टाकून द्यायचं माप सव्वाअकरा. डाव्या डिस्कला आतून चीर आहे. उस्ता, हे आकडे पुन्हा एकदा वाचा, मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल.

मी काही तोंडाच्या जामिनाला नावं ठेवत नाही. माझा संसार डोंगरात झाला, रिवाज मलाही कळतात. जामीन म्हणजे कोण? ज्याच्यासाठी शब्द दिला तो माणूस पळाला, तर त्याच्या जागी येऊन बसतो तो जामीन. टोळीचा शेख त्याला पकडतो आणि तो पकडला जातो. म्हणून तर त्याच्या शब्दाला वजन. उस्ता जुबरान, तुम्ही त्या डिस्कच्या वतीनं तीनदा तोंड जामीन ठेवलंत. मग त्यांच्यासाठी बसा. गुरुवारची वाट कशाला बघायची? आजच गाडीत मागे पाच बायकांच्या वजनाची पोती भरा आणि पुढे नूरियाच्या बाबांशेजारी तुम्ही बसा. घाटाखालच्या बाजिलपर्यंत उतरा, तिथे चहा प्या आणि वर जा. एवढंच. तुम्ही उतरून आलात तर मी बसनं वर येईन, याच स्टँडवर तुमची माफी मागेन, माझा भाऊ तुमच्या दारात मेंढा कापेल आणि नूरिया गुरुवारी त्याच गाडीत बसेल. मी तिच्याशेजारी बसेन. आणि हे माझं तोंड जामीन, बाईचं असलं तरी.

नूरियाच्या बाबा, तुम्हाला दंड म्हणून काही मागत नाही. मेंढाही नको. फक्त हे पत्र वाचून झाल्यावर उस्तांकडे बघा.

लुत्फिया


मनाखा
९ एप्रिल १९८७

लुत्फिया,

सलाम. हे पत्र शाळेतला इजिप्तचा मास्तर लिहितोय. त्याला आपली बोली निम्मीच कळते, त्यामुळे निम्म्या शिव्या गळतील. तुझ्या नावानं होत्या त्याच गळाल्या तर बरं.

जुबराननं पत्र मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, कारण त्याला वाटलं तू माफी मागतेयस. मापं आली तेव्हा तो हसला. जामिनाचं आलं तेव्हा त्याचा आवाज उतरला आणि मग थांबलाच. काइद म्हणाला, उस्ता, पुढे वाचा. त्यानं वाचलं. अकराच्या अकरा जण होते. कुणी पाला चघळत नव्हतं.

मी तुझ्यावर इतका भडकलो होतो की उठून थेट धान्यवाल्याकडे गेलो आणि ज्वारीची पोती मागे टाकली. मला तुझं तोंड बंद करायचं होतं. पुढचं दार उघडलं आणि जुबरानला हाक मारली, चल, बाजिलला चहा पिऊन येऊ. तो म्हणाला, लेथ चालू आहे. मी म्हटलं, बंद कर. मग म्हणाला, पोटात दुखतंय. मग म्हणाला, बाईच्या सांगण्यावरून मी कशाला बसू? मी म्हटलं, माझ्या सांगण्यावरून बस. मी दार धरून उभा होतो, लुत्फिया. तो दोन पावलं आला, चाकाकडे बघितलं आणि तिथेच थांबला. त्या डिस्क त्यानं तीन वेळा हातात घेतल्या होत्या. त्याला माहीत होतं.

मग हळूच मला म्हणाला, 'मुसइद, घरी बायका-पोरं आहेत रे माझी.'

अकरा जणांसमोर म्हणाला. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तीन वेळा तोंड जामीन ठेवलं, पण एकदा बूड टेकवायची वेळ आली तेव्हा त्याला बायका-पोरं आठवली. कुणी हसलं नाही. काइदनं उठून मागची पोती उतरवायला सुरुवात केली, मग बाकीचेही आले. जुबरान लेथकडे गेला. लेथ बंदच होता.

गाडी स्टँडवर दगड लावून उभी आहे, चाकं काढून ठेवलीत. शनिवारच्या बसनं मी खाली येतोय. हिजामला सांग, डिस्कची जोडी घेऊन माझ्याबरोबर वर चल आणि स्वतःच्या हातानं लाव. काय काय घासायचं-पुसायचं ते घासू-पुसू दे, मी बाजूला उभा राहून पाने देईन. नव्या डिस्क एकदम उतारावर न्यायच्या नसतात, हे तो सांगायच्या आधी मीच सांगतो. बुधवारी रिकामी गाडी सनाला नेऊन आणतो. लग्न गुरुवारीच. त्यानं टोमणे मारायचे ते बसमध्ये मारावे, पाच तासांचा रस्ता आहे, पुरेल. स्टँडवर मारू नयेत एवढं माझ्यासाठी त्याच्याकडून कबूल करून घे.

नूरियाला सगळं कळलंय. तिनं मला चहा आणून दिला.

एक गोष्ट मास्तरला लिहू नको म्हटलं होतं, पण लिहितो. जुबरान गेला तरी मी ते दार धरूनच उभा होतो. आतली पुढची जागा रिकामी होती. तिच्यावर मी सनाहून लाल मखमलीची गादी शिवून आणली होती, तुलाही सांगितलं नव्हतं. ज्या जागेवर जुबरान दुपारच्या चहापुरता बसायला तयार नव्हता, तिथे मी गुरुवारी माझ्या मुलीला बसवणार होतो.

शनिवारी बसच्या थांब्यावर ये. मला बसमधून एकट्यानं उतरायची लाज वाटेल.

मुसइद
(अंगठा)